खांबावरून उतरल्यावर

ऑलिंपिकच्या मैदानावर भारताच्या पुरुष जिम्नॅस्टांची आजवरची एकूण हजेरी अवघी ११ भरते. १९५२ साली हेलसिंकीला २, १९५६ साली मेलबर्नला ३ आणि १९६४ साली टोकियोला ६. त्यानंतर २०२४च्या पॅरिसपर्यंत एकही नाही. दीपा कर्माकर २०१६ साली रिओला गेली आणि व्हॉल्ट या प्रकारात चौथी आली. कांस्यपदक तिच्या हातून ०.१५० गुणांनी निसटले, हे वाचकांना स्मरत असेल. पुरुषांची पाटी मात्र ६० वर्षे कोरीच आहे. टोकियोच्या त्या सहांच्या संघात बंडू भोसले आणि विठ्ठल कारंडे अशी दोन मराठी वळणाची नावे आहेत. सहांत दोन, हे प्रमाण लहान नव्हे. तरीही आपल्यापैकी किती घरांत ही नावे उच्चारली गेली असतील? त्याच काळातले क्रिकेटपटू आजही आपल्याला त्यांच्या धावांसकट पाठ आहेत.

क्रिकेटपटू निवृत्त झाला की बातमी होते. कसरतपटू निवृत्त झाला हे त्याच्या शेजाऱ्यालाही कळत नाही. मुलाने सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात करावी, विशी-पंचविशीत ऐन भरात यावे आणि तिशीच्या आसपास मनगटांनी व खांद्यांनी नकार द्यावा, असा या विद्येचा साधारण क्रम आहे. पुढची तीस-चाळीस वर्षे या माणसाने काय करावयाचे? आमच्या मते एखाद्या समाजात कसरतीची विद्या टिकते की नाही, हे पदकांवरून ठरत नाही. या प्रश्नाला तो समाज काय उत्तर देतो यावरून ठरते. आपल्या मराठी समाजाने या प्रश्नाला एके काळी उत्तम उत्तर दिले होते, आणि तेही महाराष्ट्राबाहेर. म्हणून हा विषय या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

त्या उत्तराची कथा बाळंभटदादा देवधर यांच्यापासून सुरू होते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी ते व्यायामविद्येचे शिक्षक होते. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी की, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारास कुस्तीचे आव्हान दिले. दरबारातील मल्ल माना खाली घालून बसले. तेव्हा तरुण बाळंभटाने काही दिवसांची मुदत मागून आव्हान स्वीकारले आणि तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिला. तेथे त्याने देवीची उपासना केली. मारुतीने दृष्टान्त दिला आणि झाडावरच्या वानरांच्या हालचाली पाहून त्याला नव्या पकडी सुचल्या. परत येऊन त्याने गुलाबाला चीत केले आणि अलीने लढण्याचे टाळले. दृष्टान्ताचा भाग भाविकांनी भक्तीने घ्यावा. आम्हांस त्यातला वानरांचा भाग फार मोलाचा वाटतो. पायांनी फांदी धरावी, हात मोकळे ठेवावेत आणि कमरेतून अंग वळवावे, हेच तर मल्लखांबाचे मर्म आहे. मल्लाने खांबाशी केलेली ती कुस्तीच होय. फरक इतकाच की हा प्रतिस्पर्धी दमत नाही आणि चूकही करीत नाही.

खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो, असे अभ्यासक दाखवितात. तेव्हा बाळंभटदादांनी ही विद्या शून्यातून निर्माण केली, असे म्हणण्यापेक्षा विस्मरणात गेलेल्या विद्येला त्यांनी पद्धत दिली, असे म्हणणे योग्य होईल. शिसवी अथवा सागवानी खांब, वर बोंड, त्याखाली मान आणि मग खाली रुंदावत गेलेले अंग. त्याला एरंडेल चोळलेले, म्हणजे कातडी सोलवटत नाही आणि पकड मात्र कस लावूनच धरावी लागते. एकेका पकडीला आपल्या भाषेतले नाव : अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा, वेल. यांतल्या कोणत्याही नावाचा अर्थ मुलाला फोडून सांगावा लागत नाही. वेल जशी खांबाला वेटाळून चढते तसे अंग चढवावयाचे. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तसे हात आणि खांब यांमधील फटीतून अंग ओवावयाचे. शिकविणाऱ्याने नाव उच्चारले की निम्मा पाठ झाला.

आता बाळंभटदादांच्या उत्तरायुष्याकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावास आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर येथे धाडण्यात आले. ज्या दरबारासाठी कुस्ती जिंकली तो दरबारच उरला नाही. कसरतपटूची निवृत्ती याहून पुरती कोणती असणार? पण बाळंभटदादा धन्याबरोबर उत्तरेस गेले आणि त्यांचे खरे कार्य तेथे घडले. बिठूरच्या वाड्यात नानासाहेब, तात्या टोपे आणि मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांना मल्लखांबाचे शिक्षण मिळाले, असे परंपरा सांगते. शिष्यपरंपरेतील कोंडभटनाना गोडबोले यांचा आखाडा काशीस नावारूपास आला. वेताचा मल्लखांबही याच परंपरेत रुळला : वर टांगलेला वेत, आणि त्यावर हात-पाय-बोटांच्या पकडी. पुढे चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोरी आली. आज मुलींच्या स्पर्धा ज्या दोरीच्या मल्लखांबावर गाजतात, त्याचे मूळ हे असे वेताच्या तुटवड्यात आहे.

म्हणजे पुण्याच्या दरबारातला एक कसरतपटू राज्य बुडाल्यावर परमुलखात गेला आणि तेथे शिक्षक म्हणून त्याचे दुसरे आयुष्य पहिल्याहून मोठे झाले. ज्या मराठी कुटुंबांनी पुढच्या पिढ्यांत बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, झाशी, काशी येथे संसार मांडले, त्यांच्या वस्त्यांत राममंदिर, गणेशोत्सव आणि ग्रंथालय यांच्या जोडीला आखाडाही बहुधा असतोच. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव यांनी घडविलेल्या शिष्यांची गणती करणे कठीण. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून १९४९पर्यंत खपून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. मराठीतला हा प्रचंड ग्रंथ महाराष्ट्राबाहेर बसून लिहिला गेला, ही गोष्ट आपल्या लोकांना अभिमानाने सांगण्यासारखी आहे; पण ती फारशी कोणी सांगत नाही.

याच सुमारास जर्मनीत काय चालले होते ते पाहणे मनोरंजक आहे. फ्रीडरिख लुडविग यान नावाच्या शिक्षकाने १८११ साली बर्लिनच्या हाझेनहाइड या मोकळ्या जागेत तरुणांसाठी व्यायामाचे मैदान उघडले. ज्यांना आपली पोरे सिंगलबार आणि डबलबार म्हणतात ती उपकरणे त्याच्या मैदानावर आकाराला आली. देशभक्तीचा वास येतो म्हणून प्रशियन सरकारने १८१९ साली यानला कैद केले आणि १८२० ते १८४२ या काळात त्या व्यायामपद्धतीवर बंदी घातली. पेशवाई बुडाली १८१८ साली, यान कैदेत गेला १८१९ साली. दोघा गुरूंच्या आयुष्याची मोडतोड राजकारणाने वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने केली. यानच्या शिष्यांनी मात्र ती पद्धत युरोप-अमेरिकेत नेली; १८८१ साली जागतिक संघटनेचा पाया घातला गेला आणि १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ती उपकरणे होती. जर्मनांनी मल्लखांब पाहून आपली विद्या बसविली असे सांगणारे उत्साही लोक आपल्याकडे भेटतात. आम्हांस त्या दाव्याची गरज वाटत नाही. दोन समाजांनी एकाच काळात स्वतंत्रपणे शरीराचा विचार केला, एवढे पुरेसे आहे.

ऑलिंपिकमध्ये एके काळी दोरीवर चढण्याचीही स्पर्धा होती, हे सांगितले तर मुलांना नवल वाटते. १९३२च्या लॉस एंजेलिसनंतर ती बंद झाली. १९०४ साली सेंट लुईस येथे ही स्पर्धा जॉर्ज आयझर याने जिंकली. त्याचा डावा पाय लाकडी होता! त्याच दिवशी त्याने तीन सुवर्णपदकांसह एकूण सहा पदके मिळविली. हा जर्मनीत जन्मलेला गृहस्थ व्यवसायाने एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस होता. त्या काळच्या जिम्नॅस्टाला खेळातून पोट भरावयाचे नव्हते. दिवसा खातेवही आणि संध्याकाळी व्यायामशाळा.

खेळातूनच पोट भरण्याचा मार्ग आपल्याकडे काढला तो विष्णुपंत छत्रे यांनी. सांगलीजवळच्या अंकलखोपचे हे छत्रे मूळचे घोड्यांचे शिक्षक. इटालियन कियारिनीची सर्कस पाहून त्यांनी १८८० साली मुंबईस स्वतःची सर्कस उभी केली, आणि भारतीय सर्कशीचा जन्म झाला. म्हैसाळच्या देवलांनी तो मार्ग पुढे नेला. कोटाचोटी कसरत करणाऱ्यांना पगार मिळू लागला. छत्र्यांची गाठ पडल्यावर तेलिचेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन यांनी आपल्या भागात कसरतपटू घडविण्यास आरंभ केला आणि पुढे भारतभरच्या सर्कशींना त्या गावाने माणसे पुरविली. परंतु सर्कशीतला कसरतपटू निवृत्त झाला म्हणजे काय होई? बहुधा तंबूच्या दोऱ्या ओढी, किंवा गावी जाऊन शेती करी. पगार होता, शिष्य नव्हते. आमच्या दृष्टीने बाळंभटदादांच्या परंपरेपासून ही एक पायरी खालीच होती, मग छत्र्यांचे कर्तृत्व कितीही मोठे असो.

वरची पायरी पुन्हा गाठली ती आमच्या शेजारच्या अमरावतीने. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. शेजारच्या असे आम्ही म्हणतो ते भूगोलापेक्षा इतिहासाच्या आधाराने. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट जिल्ह्यातील आमची कटंगी आणि वऱ्हाडातील अमरावती एकाच राज्यात नांदत होती. सरहद्दीपलीकडे तुमसर, अलीकडे कटंगी. बाजार एक, सोयरीक एक, पण दफ्तर वेगळे झाले. या मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली १९३६ साली बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या वेळी त्याने मल्लखांब, कबड्डी आदी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविली. ज्या शहरात यानने आपले मैदान उघडले होते, तेथेच ही गोष्ट घडली. पण मंडळाचे त्याहून मोठे काम म्हणजे त्याने कसरतपटूंना व्यायामशिक्षक केले. उन्हाळी वर्ग, मग पदविका, मग पदवी. खांबावर उभे राहणाऱ्या मुलाला तिशीनंतर शाळेत मानाची नोकरी मिळू शकते, ही खात्री घराघरांत पोहोचली. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली.

त्या पठडीत तयार झालेले एक व्यायामशिक्षक आम्ही नोकरीच्या प्रारंभी पाहिले. साठीला टेकलेले, अंगाने सडसडीत. प्रार्थनेनंतर मैदानाच्या कडेला ते हातांवर उभे राहत आणि त्याच अवस्थेत दहा-वीस पावले चालत. मुले मोजत. ‘अंग विसरत नाही, आपणच त्याला विसरतो,’ असे ते म्हणत. त्यांनी कोणत्या स्पर्धेत काय मिळविले होते ते कधी सांगितले नाही आणि विचारण्याचे आम्हांस सुचलेही नाही. त्यांच्यामागे त्या शाळेत व्यायामशिक्षकाचे पद पुष्कळ वर्षे रिकामे राहिले. नंतर जे आले त्यांचा अर्धा काळ मतदारयाद्या, जनगणना आणि मध्यान्ह भोजनाच्या नोंदी यांत गेला. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो प्रथम गणिताला आणि मग इंग्रजीला दिला जातो. सरकारी शाळेत राहून आम्ही हे जवळून पाहिले आहे.

परदेशी कसरतपटूंच्या उत्तरायुष्याकडे पाहिले म्हणजे आपल्या उणिवेचे मोजमाप होते. जपानचा सावाओ काटो १९६८, १९७२ आणि १९७६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळला. आठ सुवर्णपदके आणि एकूण बारा पदके त्याने मिळविली. पुढे तो त्सुकुबा विद्यापीठात प्राध्यापक झाला. बल्गेरियाचा योर्दान योव्हचेव्ह १९९२ ते २०१२ अशा सहा ऑलिंपिकमध्ये उतरला. शेवटच्या वेळी त्याचे वय ३९ होते आणि आपल्या देशाच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचा तो अध्यक्षही होता. रिंगवर लटकणारा आणि खुर्चीवर बसणारा माणूस एकच असेल तर लटकणाऱ्यांची दुःखे खुर्चीला कळण्यास मदत होते, असे आपले आम्हांस वाटते.

तरीही जपानची सारी कथा अनुकरणीय आहे असे कोणी समजू नये. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे सांघिक स्पर्धेत शुन फुजिमोतोच्या गुडघ्याची वाटी जमिनीवरील कसरतीत फुटली. ती गोष्ट लपवून त्याने पॉमेल हॉर्सवरची कसरत पुरी केली. मग रिंगांवर चढला आणि आठ फुटांहून अधिक उंचीवरून फिरकी घेत त्याच पायांवर उतरला. ९.७ गुण मिळाले. जपानने रशियाला अवघ्या ०.४० गुणांनी मागे टाकून सुवर्णपदक घेतले. पुन्हा असे करशील काय, असे पुढे विचारले तेव्हा त्याने नकारच दिला. शाळेत ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगण्याचा मोह होतो. आम्ही ती सांगतो, पण त्याचा तो नकार वगळत नाही. उतरताना जमिनीचा जो धक्का पायांना बसतो तो शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. आणि पॉमेल हॉर्स, डबलबार, रिंग या प्रकारांत सारे अंग मनगटे व खांदे यांनी तोलावयाचे असते. माणसाचे मनगट लेखणी, विळा, मोट ओढण्याची दोरी यांसाठी घडले. पाय म्हणून ते घडलेले नाही. मल्लखांबात मांड्या, पोटऱ्या, पायांची बोटे, काख, कोपर अशी सर्वांगाची पकड वाटून घेता येते. साठीतले गृहस्थ खांबावर दिसतात, पॉमेल हॉर्सवर दिसत नाहीत, यामागे हे कारण असावे असे आमचे मत आहे.

भारतात २०१० साली आशा पालवली होती. अलाहाबादच्या आशिषकुमारने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत जमिनीवरील कसरतीत कांस्य आणि व्हॉल्टमध्ये रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धांतही कांस्य घेतले. या दोन्ही स्पर्धांतील जिम्नॅस्टिक्समध्ये भारताची ही पहिली पदके. पुढे संघटनेतील भांडणे वर्षानुवर्षे चालली, आणि पंचविशीत आलेल्या पोरांना वाट पाहता येत नसते. न्यायालयाची तारीख पुढे ढकलता येते, स्नायूंची येत नाही.

मल्लखांबाचे मात्र अलीकडे बरे चालले आहे. आमच्या मध्यप्रदेश शासनाने २०१३ साली तो राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर या खेळाडूंना पाठोपाठच्या वर्षांत अर्जुन पुरस्कार मिळाले. मुंबईच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांचे उदाहरण आमच्या विषयाला सर्वांत जवळचे. स्वतः मल्लखांबपटू, नोकरी सीमाशुल्क खात्यात, आणि जन्मभर सकाळ-संध्याकाळ शिवाजी पार्कच्या त्या व्यायाममंदिरात विनावेतन शिकविणे. दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी मल्लखांबावर चढविले. परदेशी शिष्य तयार केले आणि फेब्रुवारी २०१९मध्ये शिवाजी पार्कवर भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत पंधरा देश आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरी एक, विद्या दुसरी, आणि विद्येला निवृत्ती नाही, हा बाळंभटदादांच्या काळचाच नमुना आहे.

आमच्या भागापुरते बोलावयाचे तर साधनांची अडचण सांगणे आम्हांस पटत नाही. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्सची सहा उपकरणे, गाद्या, उंच छताचे सभागृह हे सारे तालुक्याच्या शाळेला जमण्यासारखे नाही, हे खरे. पण मल्लखांबाला एक सरळ सागवानी खांब, तीन-चार फूट खोल खड्डा, भोवती मऊ माती आणि वाटीभर एरंडेल लागते. बालाघाट जिल्ह्यात सागाची वाण पडेल तर मग ती कोठे पडणार नाही? मुलींसाठी मजबूत तुळई आणि एक चांगली सुती दोरी. लागतो तो शिकविणारा माणूस, आणि तो आपल्याच वस्तीत असण्याचा संभव मोठा आहे. जबलपूर, रायपूर, बिलासपूर, ग्वाल्हेर, झाशी, काशी, हैदराबाद येथील आपल्या घरांत कोणी आजोबा, काका, मामा असे असतील की ज्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमरावतीचा उन्हाळी वर्ग केला, किंवा गावातल्या आखाड्यात खांब धरला. त्यांना आता चढता येणार नाही. पण पकडींची नावे त्यांना आठवत असतील, आणि गावागावांत ही नावे थोडी निरनिराळी आहेत. एकच उडी एका आखाड्यात एका नावाने ओळखली जाते, दुसऱ्यात दुसऱ्या. वाचकांनी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून ती उतरवून घ्यावीत : पकडीचे नाव, कोणता पाय वर, कोणता हात सुटा, कोणाकडून शिकले, खांब कोणत्या लाकडाचा होता, तो आखाडा कोणत्या गल्लीत होता आणि तेथे आता काय आहे. नातवंडांपैकी एखाद्याने चित्र काढले तर अधिक चांगले. शब्दांनी अढी आणि तेढी यांतला फरक समजाविणे किती कठीण आहे, याचा अनुभव लिहिणाऱ्याला पहिल्याच पानावर येईल.